खाड्यांच्या यादीवर सही करण्याआधी

‘घरचं भांडण गेटबाहेर ठेवून यायचं,’ हे वाक्य मी माझ्या कारखान्यात किती जणींना ऐकवलं असेल, त्याची गणती नाही. भोसरी एमआयडीसीत आमचं वायर हार्नेस बनवायचं युनिट आहे. गाडीच्या दिव्यांपासून हॉर्नपर्यंत वीज नेणाऱ्या तारांचे जुडगे आम्ही बांधतो आणि चाकणच्या कंपन्यांना पुरवतो. हे काम बायकांच्या हातावर चालतं. क्रिंपिंग, टेपिंग, टेस्टिंग, सगळ्या टेबलांवर बायकाच. त्यांच्या घरात काय चाललंय याच्याशी मालक म्हणून माझा काही संबंध नाही, असं मी मनापासून मानत होतो. आज मानत नाही. हे मत का बदललं आणि बदलून नेमकं कुठं येऊन ठेपलं, ते माझ्यासारख्या छोट्या कारखानदारांसाठी लिहितो आहे.

जुन्या मतामागे कारणं होती आणि ती आजही बहुतेक कारखानदारांच्या मनात असतात. नवरा-बायकोच्या मध्ये तिसऱ्यानं पडू नये, हे आपल्या कानावर लहानपणापासून पडत आलेलं असतं. पुरुष मालकानं एखाद्या बाईच्या घरची चौकशी केली की दुपारच्या सुट्टीपर्यंत कँटीनमध्ये कुजबुज सुरू होते आणि तिचा त्रास मालकापेक्षा त्या बाईलाच जास्त होतो. नवरा दारू पिऊन गेटवर आला तर काय करायचं, हा प्रश्न असतो. उद्या दोघं गोड झाले तर आपणच वाईट ठरू, ही धास्ती असते. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे डिलिव्हरी. पुढच्या कंपनीची लाइन आपल्या मालापायी अडली तर त्याचे पैसे आपल्या बिलातून जातात. हजेरीचा नियम एकीला एक आणि दुसरीला दुसरा लावून कारखाना चालत नाही. ही कारणं खोटी होती असं मी आजही म्हणणार नाही. त्यांतून मी जो निष्कर्ष काढत होतो, तो मला आता पटत नाही.

महिन्याच्या शेवटी खाड्यांची यादी माझ्या टेबलावर येते. दोन मेमो देऊनही हजेरी सुधारली नाही की तिसऱ्या वेळी कामावरून कमी करायचं, अशी आमची पद्धत होती. त्या यादीत क्रिंपिंगवरच्या एका मुलीचं नाव होतं. हात इतका साफ की तिच्या टेबलावरचं रिजेक्शन नावालाच. पण कधी अर्धा तास उशीर, कधी सलग दोन दिवस पत्ता नाही. कारण विचारलं की ‘बरं नव्हतं’ एवढंच उत्तर. आमच्या लाइनवर एक जुन्या सुपरवायझर आहेत, सगळे त्यांना मावशी म्हणतात. यादीत ते नाव आहे हे त्यांना कळलं होतं. त्या केबिनमध्ये आल्या, पण बसल्या नाहीत.

“साहेब, रागावू नका, पण सही करायच्या आधी ऐका. ती खाडे करत नाही, तिला खाडे करायला लावतात. बसच्या टायमाला नवरा बाहेरून कडी घालतो. मागच्या महिन्यात तिचं गेटचं कार्ड त्यानं कात्रीनं कापलं.”

“मग तिनं सांगायचं ना?”

“कुणाला सांगणार? तिनं काम सोडावं एवढंच त्याला पाहिजे. तुम्ही आज तिला काढली की त्याचं काम झालं.”

कापलेलं कार्ड मला आठवलं. नव्या कार्डाचे पैसे आमच्या ऑफिसनं नियमाप्रमाणे तिच्या पगारातून कापले होते. ‘कार्ड हरवलं’ असं तिनं अर्जात लिहिलं होतं आणि ते कुणालाही खटकलं नव्हतं.

मावशींच्या त्या शेवटच्या वाक्यानं माझं मत बदलायला सुरुवात झाली. तोवर मी समजत होतो की मी या भांडणाच्या बाहेर उभा आहे. पण बाईची कमाई तोडणं हाच जर मारणाऱ्याचा हेतू असेल, तर तिला नोकरीवरून काढणारा मालक बाहेरचा राहत नाही. नवऱ्याला जे साधायचं असतं, ते मालकाच्या सहीनं आणि कंपनीच्या शिक्क्यानं साधलं जातं. हातात पगार असेल तर बाई खोली भाड्यानं घेऊ शकते, वकिलाकडं जाऊ शकते, मुलांची फी भरू शकते, किंवा त्याच घरात चार शब्द जोरात बोलू शकते. पगार गेला की यातलं काहीच उरत नाही. म्हणून घरातली हिंसा आणि कामावरची हजेरी या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

पुढं मी कायदा वाचायला घेतला आणि तिथं दुसरा धक्का बसला. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. कारखाना चालवणाऱ्या माणसाला फॅक्टरी अ‍ॅक्ट, पीएफ, ईएसआय माहीत असतात. हा कायदा घरापुरता आहे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्यानं कामाची जागा आधीच आपल्या कक्षेत घेतलेली आहे. कलम १८ खाली दंडाधिकारी जो संरक्षण आदेश देतात, त्यात त्या माणसानं बाईच्या कामाच्या ठिकाणी शिरायचं नाही आणि फोन, चिठ्ठी किंवा इतर कोणत्याही मार्गानं तिच्याशी संपर्क साधायचा नाही, असं सांगता येतं. तो आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बाई जिथं नोकरी करते तिथल्या कोर्टातही तिला अर्ज करता येतो. बुडालेल्या कमाईची भरपाई मागता येते. आणि २००६ च्या नियमांसोबत घटनेच्या अहवालाचा जो नमुना आहे, त्यात आर्थिक हिंसेच्या यादीत नोकरी करू न देणं, नोकरीत अडथळे आणणं आणि पगार काढून घेणं या गोष्टी लिहिलेल्या आहेत. बाहेरून घातलेली कडी आणि कापलेलं कार्ड कायद्याच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. आमच्या ऑफिसनं मात्र त्याची नोंद ‘गैरहजेरी’ अशी केली होती.

ही एखाद-दुसऱ्या बाईची गोष्ट आहे, असं स्वतःला समजावणंही मला जमलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे. हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडं तरी मदत मागणाऱ्या शंभरात जेमतेम चौदा. म्हणजे ज्या कारखानदाराला ‘आपल्याकडं असलं काही नाही’ असं वाटतं, त्याच्याकडं कुणी तोंड उघडलेलं नसतं, इतकाच त्याचा अर्थ.

मत बदलल्यावर माझी पहिली इच्छा मात्र वेगळ्याच दिशेला गेली. नवऱ्याला बोलावून घ्यावं, चहा पाजावा, चार गोष्टी सुनवाव्यात, असं मला वाटू लागलं. मोठ्या माणसानं मध्ये पडून समजूत घालायची, ही आपली जुनी रीत आहे आणि ती माझ्या अंगात मुरलेली आहे. मावशींच्या सांगण्यावरून आम्ही आधी जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमधल्या समुपदेशक बाईंना भेटलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि हा बेत तिथंच थांबवला. ‘तुमच्या केबिनमध्ये तो मान खाली घालून बसेल, पाया पडेल, आणि बायकोनं कारखान्यात तोंड उघडलं हे त्याला कळेल. त्या रात्री तिच्याबरोबर घरात तोच असेल, तुम्ही नसाल,’ असं त्या म्हणाल्या. ‘सोडून दे त्याला’ हा सल्लाही मालकानं द्यायचा नाही, हे त्यांनी बजावलं. घर सोडायच्या वेळी आणि सोडल्यानंतर बाईच्या जिवाला धोका वाढतो. कधी निघायचं, कुठं जायचं, मुलांना कसं न्यायचं, हे तिनं जाणकारांबरोबर ठरवायचं असतं.

त्या भेटीनं माझं मत दुसऱ्यांदा बदललं. मालकानं हात झटकणं जितकं घातक, तितकंच मालकानं न्यायाधीश किंवा वडीलधारा होऊन बसणं घातक. आपल्या हातात जे खरोखर असतं, ते म्हणजे पगार, वेळ, गेट आणि कागद. या चार गोष्टी नीट सांभाळल्या तर पुष्कळ काम होतं.

पहिला पगार. पगार कोणत्या खात्यात जातो आणि त्या खात्याचं कार्ड कुणाच्या खिशात असतं, हे आम्ही कधी विचारलेलं नव्हतं. आमच्या अनेक बायकांचं खातं नवऱ्याबरोबर जोडखातं होतं. काहींचं स्वतःचं होतं, पण बँकेत, पीएफला आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा. म्हणजे पैसे काढायचा ओटीपी त्याच्या फोनवर. आता कामावर घेतानाच प्रत्येकीला स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं आणि स्वतःचा नंबर असण्याचं महत्त्व सांगितलं जातं. खातं बदलायला एक साधा अर्ज पुरतो, कारण लिहावं लागत नाही. बँकेचा माणूस कारखान्यात येऊन खाती उघडून देतो, त्यामुळं कुणी काय केलं याचा बाहेर बोभाटा होत नाही. सगळ्यांसाठी एकच पद्धत असली की एकीकडं बोट दाखवलं जात नाही.

दुसरी वेळ. आम्ही वर्षाला दहा दिवस पगारी विशेष रजा ठेवली आहे. दवाखाना, कोर्ट, पोलीस, खोली शोधणं, मुलांची शाळा बदलणं, यासाठी ती घेता येते. एफआयआर दाखव, जखम दाखव, असं कुणी विचारत नाही. मस्टरवर ती साध्या पगारी रजेसारखीच लिहिली जाते, म्हणजे पगाराची स्लिप घरी सापडली तरी काही उघड होत नाही. दहा हा आकडा आम्ही हवेतून काढलेला नाही. फिलिपिन्सनं २००४ च्या कायद्यात दहा दिवसांची पगारी रजा दिली. न्यूझीलंडमध्ये ती १ एप्रिल २०१९ पासून आहे आणि ऑस्ट्रेलियात २०२३ पासून लहान उद्योगांनाही लागू आहे. आपल्याकडं असा कायदा नाही, पण मालकाला द्यायची असेल तर अडवणारंही कुणी नाही. खर्चाचं म्हणाल तर दहा दिवसांचा पगार आणि एक तयार हात गमावून नव्या मुलीला क्रिंपिंग शिकवण्यात जाणारे दोन महिने, यांचा हिशेब प्रत्येक कारखानदारानं स्वतः मांडावा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची. काही जणींना रजा नकोच असते. आठ तास कारखान्यात त्या सुरक्षित असतात, म्हणून तब्येत बरी नसली तरी त्या येतात. त्यांना ‘घरी जाऊन आराम कर’ असं म्हणणं हा उपकार ठरत नाही.

तिसरं गेट. कोणती बाई कोणत्या पाळीत आहे, कधी सुटते, कुठल्या बसनं जाते, हे वॉचमननं आणि ऑफिसनं कुणालाही सांगायचं नाही, नवऱ्यालाही नाही. बाईनं मागितलं तर पाळी बदलून मिळते, बसचा थांबा बदलून मिळतो. कोर्टाचा आदेश असेल तर त्याची प्रत गेटवर असते आणि तो माणूस आला तर वॉचमननं हुज्जत घालायची नाही, सरळ ११२ ला फोन लावायचा. ऑफिसमधून तिच्या मोबाइलवर या विषयाचा एकही मेसेज जात नाही, कारण तो फोन घरी कुणाच्या हातात असेल हे आपल्याला माहीत नसतं.

चौथा कागद. तिला अर्ज करायचा असेल तर हजेरीपत्रक, गेटच्या रजिस्टरमधल्या नोंदी, कॅमेऱ्याचं चित्रण, यातलं ती मागेल ते आम्ही सही-शिक्क्यासह देतो. नवरा कोणत्या तारखेला गेटवर येऊन ओरडला, हे कोर्टात सांगायला तिच्याकडं दुसरा पुरावा नसतो. आणि खाड्यांचा मेमो निघण्याआधी मावशी किंवा आमच्या ऑफिसमधल्या मॅडम त्या बाईशी एकटीशी बोलतात. एकच प्रश्न विचारतात: ‘कामावर यायला कुणी अडवतं का?’ उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारत नाहीत. मदतीचे पत्ते आम्ही बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावले आहेत, कारण नोटीस बोर्डासमोर उभं राहून असलं काही कुणी वाचत नाही. महिला हेल्पलाइन १८१, जिल्ह्याचे संरक्षण अधिकारी, सखी सेंटर आणि विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हे त्यात आहेत. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला तिची कमाई कितीही असली तरी मोफत वकील मिळतो, हे मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. ही गोष्ट आमच्याकडं जवळजवळ कुणालाच माहीत नव्हती.

आक्षेप पुष्कळ आले. एका मित्रानं विचारलं, बाई खोटं सांगत असेल तर? मी त्याला सांगितलं, रजा दिल्यानं कुणाला शिक्षा होत नाही. खरंखोटं ठरवणं कोर्टाचं काम आहे आणि ते आपण आपल्याकडं घेतलेलंच नाही. दुसरा म्हणाला, लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती आहे की, तिच्याकडं पाठव. २०१३ च्या त्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती समिती लागते, पण ती कामावरच्या छळासाठी आहे. घरात नवऱ्यानं केलेली मारहाण तिच्या कक्षेत येत नाही. त्या समितीतल्या बायकांना ऐकून घ्यायची सवय असते, एवढा उपयोग जरूर होतो.

सगळ्यांत अवघड प्रश्न आमच्याच पुरुष कामगारांनी उभा केला. मारणारा माणूसही कुठंतरी नोकरी करतोच, आणि तो आपल्याकडंही असू शकतो. त्याच्या घरात काय घडतं याचा निवाडा मी करणार नाही. पण कामाच्या वेळेत कंपनीच्या फोनवरून बायकोला धमकावणं, डिलिव्हरीची गाडी घेऊन तिच्या कारखान्याच्या गेटवर जाणं, तिथली आपली ओळख वापरून तिची पाळी काढून घेणं, ही शिस्तभंगाची बाब आहे, हे आम्ही नोटीस लावून कळवलं. कोर्टानं ठरवलेली रक्कम त्यानं दिली नाही, तर २००५ च्या कायद्यात त्याच्या मालकाला थेट त्याच्या पगारातून ती द्यायला सांगायची तरतूद आहे. तसा आदेश आला तर त्याच महिन्यात पाळायचा, असं ठरलं आहे. काही जण नाराज झाले. ‘साहेब आमच्या घरात नाक खुपसतात’ असं बोललं गेलं. ते बोलणं मी ऐकून घेतलं आणि नोटीस तशीच ठेवली.

जे अजून जमलेलं नाही, तेही सांगायला हवं. आमच्याकडं पॅकिंगच्या बायका कंत्राटदाराच्या पटावर आहेत. त्यांपैकी एखादी दोन दिवस आली नाही तर तिसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी येते, पहिलीचं काय झालं हे कुणी विचारत नाही. विशेष रजा त्यांनाही मिळावी आणि तिचे पैसे आम्ही द्यावेत, असं कंत्राटाच्या करारात घालण्याची बोलणी चालू आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०१९ साली जो १९० क्रमांकाचा करार केला, त्यात घरगुती हिंसेचा कामावर होणारा परिणाम ओळखावा आणि शक्य तितका कमी करावा, असं देशांना सांगितलं आहे. त्यात कंत्राटी, शिकाऊ, सगळ्याच कामगारांचा विचार आहे. भारतानं या करारावर अजून मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. ती उठावी, अशी मागणी उद्योजकांच्या संघटनांनी स्वतःहून करावी असं मला वाटतं. मी आमच्या संघटनेत ती करतो आहे.

क्रिंपिंगवरची ती मुलगी अजून त्याच नवऱ्याबरोबर राहते. तिनं खातं बदललं, नंबर बदलला, एकदा सखी सेंटरला जाऊन आली, पुढं काय ठरवलं ते आम्हाला सांगितलेलं नाही आणि आम्ही विचारलेलं नाही. ती घर सोडेल तेव्हाच आपलं काम यशस्वी, असं मोजमाप मी लावत नाही. तिची नोकरी शाबूत आहे, पगार तिच्या हातात येतो आणि उद्या तिनं काहीही ठरवलं तरी तो पगार तिच्या पाठीशी असेल. मालकाचं काम इथंपर्यंत आहे आणि इथंपर्यंत ते केलंच पाहिजे.

लहान-मोठा कारखाना, दुकान, रुग्णालय, शाळा चालवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. पुढच्या वेळी खाड्यांची यादी सहीला आली की बायकांची नावं वेगळी काढा आणि एका जाणत्या, तोंड बंद ठेवणाऱ्या बाईला त्यांच्याशी एकेकटीशी बोलू द्या. प्रत्येकीचा पगार तिच्याच खात्यात पडतो का, ते या महिन्यात तपासा. नवऱ्याला बोलावू नका, सल्ले देऊ नका, पण तिची नोकरी तिच्याकडून काढून घेणारे तुम्ही होऊ नका.